आधी बर्फ, मग इंजिन

'लहान मुलांसाठी सुरक्षित स्नोमोबाइल' या शब्दसमूहातले 'सुरक्षित' हे विशेषण कोणाचे, असे व्याकरणाच्या तासाला विचारले तर कोणताही विद्यार्थी सांगेल की ते स्नोमोबाइलचे आहे. उत्तर बरोबर आहे, आणि आमचे भांडण या बरोबर उत्तराशीच आहे. रबरी पट्ट्याने पुढे ढकलले जाणारे आणि दोन स्कींच्या आधाराने वळणारे, हिमावर धावणारे हे वाहन. त्याची मुलांच्या मापाची आवृत्ती कारखान्यात तयार होते. आणि सुरक्षितता हा रंगासारखा किंवा वजनासारखा त्या यंत्राचाच एक गुण आहे, अशी समजूत या एका विशेषणातून पालकांच्या मनात उतरते. एकदा ती उतरली की शिकवण्याचे काम संपते, खरेदीचे तेवढे उरते. उत्तर अमेरिकेतील हिमप्रदेशांत मुलांना हे वाहन शिकवण्याविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्याचा मोठा भाग या विशेषणाच्या चुकीच्या जागेवर उभा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या विषयात लक्ष घालावे ते एवढ्याचसाठी. शब्द कोठे बसवला यावर एरवी आपण गुण देतो किंवा कापतो. येथे त्यावर एका मुलाचे हातपाय, आणि प्रसंगी प्राण, अवलंबून असतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: मुलाला आधी बर्फ शिकवावा, मग इंजिन. बर्फ म्हणजे येथे ज्यावर वाहन चालते तो सगळा व्यवहार. भुसभुशीत ताजे हिम आणि वितळून पुन्हा गोठलेले टणक हिम यांतला फरक, गोठलेल्या तळ्याची जाडी, ढगाळ दुपारी सपाट भासणाऱ्या उताराचा फसवेपणा, बधिर होऊ लागलेल्या बोटांची खूण. इंजिन म्हणजे थ्रॉटल, ब्रेक, वळण आणि वेग. पहिले शिकायला कित्येक हिवाळे लागतात. दुसरे एका दुपारी येते. प्रचलित पद्धत दुपारचे काम आधी उरकते आणि हिवाळ्यांचे नंतर पाहू म्हणते. या उलट्या क्रमाचे समर्थन तीन युक्तिवादांनी केले जाते. त्यांचा समाचार घेण्यापूर्वी यंत्राकडे एकदा नीट पाहिले पाहिजे.

मिनेसोटा राज्यातील थीफ रिव्हर फॉल्स येथल्या आर्क्टिक कॅट या कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी 'किटी कॅट' नावाची चिमुकली स्नोमोबाइल बाजारात आणली. तिचे इंजिन जेमतेम ६० सीसीचे होते. शतक पालटण्याच्या सुमारास आर्क्टिक कॅट, पोलारिस, स्की-डू या सर्वांच्याच १२० सीसीच्या मुलांच्या गाड्या आल्या. या गाड्यांचा वेग ताशी साधारण ८ ते १० मैलांवर, म्हणजे १३ ते १६ किलोमीटरवर, बांधलेला असतो. एक दोरी मुलाच्या जाकिटाला अडकवायची असते. मूल आसनावरून पडले की दोरीचे दुसरे टोक गाडीतून उपसले जाते आणि इंजिन बंद पडते. या दोन्ही सोयी उत्तम आहेत. त्या नसलेली गाडी मुलाच्या हाती देऊच नये, याविषयी आमचे कोणाशी दुमत नाही.

परंतु ही गाडी म्हणजे एका मोठ्या ग्रंथाची बालसंक्षिप्त आवृत्ती आहे, आणि संक्षिप्त आवृत्तीची परीक्षा कशी करावी हे आपल्या क्षेत्रातल्या माणसांना सांगावे लागत नाही. संपादकाने काय गाळले आणि काय ठेवले, हा पहिला प्रश्न. येथे गाळला गेला तो वेग. ठेवले गेले ते शर्यतीच्या गाडीचे रूप, तिचे रंग, तिची ठळक अक्षरे, वडिलांच्या गाडीशेजारी उभी केल्यावर दिसणारे साम्य. म्हणजे वाचकाच्या क्षमतेबाहेरचे ते काढले आणि त्याच्या इच्छेला चेतवणारे ते जसेच्या तसे राखले. दुसरा प्रश्न असा की, जे मूळ संहितेतच नव्हते ते आवृत्तीत कोठून येणार? तळ्याचा पातळ कोपरा, हिमाखाली दडलेली कुंपणाची तार, संध्याकाळी झपाट्याने उतरणारे तापमान यांतले काहीही कारखान्यात घडत नाही. त्यामुळे ते लहानही करता येत नाही. मुलांच्या मापाची गाडी असते. मुलांच्या मापाचे तळे नसते.

शिवाय लहान गाडीही मुलाच्या मानाने लहान नसते. तिचे वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते. तिच्यावर बसणारे सहा-सात वर्षांचे मूल वीस-बावीस किलोंचे असते. आपल्या वजनाच्या तिप्पट वस्तू कलंडू लागली की पाय टेकवून सावरण्याची उपजत ओढ होते. सायकलवर ती ओढ वाचवते. येथे ती पाय गाडीखाली नेते. तीच गोष्ट अंगठ्याची. स्नोमोबाइलचा थ्रॉटल उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबायचा असतो. घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो, आणि मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो. म्हणजे भीतीची पहिली प्रतिक्रिया येथे वेग वाढवण्याची ठरू शकते. वेग बांधलेला असला तरी समोरचे झाड बांधलेल्या वेगाच्या मर्यादेतच उभे असते. या दोन उपजत सवयी मोडणे हेच इंजिनाच्या शिक्षणातले खरे काम. ते दोरीकडून होत नाही आणि वेगमर्यादेकडूनही होत नाही.

आता युक्तिवाद. पहिला असा की, लवकर सुरुवात केलेले मूल पुढे अधिक सावध चालक होते. पोहणे नाही का लहानपणीच शिकवत? यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच हा युक्तिवाद धोक्याचा. हात लवकर तयार होतात हे खरे. पण हात तयार होणे आणि अंदाज तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या धोरणपत्रकात १६ वर्षांखालील मुलांनी स्नोमोबाइल चालवू नये, आणि सहा वर्षांखालील मुलांना तिच्यावर मागेही बसवू नये, अशी शिफारस केली. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिकाही हीच आहे. डोक्याची दुखापत हे मृत्यूचे आणि गंभीर इजेचे प्रमुख कारण आहे, आणि ती मुख्यतः टकरीतून, पडण्यातून आणि गाडी उलटण्यातून होते, असे त्या पत्रकात नोंदले आहे. टक्कर टळते ती अंतर ओळखण्याने, पुढे काय असेल याची कल्पना करण्याने आणि वेळेत थांबण्याने. अंगठ्याच्या कसबाने ती टळत नाही.

किंबहुना लहान गाडीवरचा दीर्घ सराव उलटा धडाही देऊ शकतो. बांधलेल्या वेगाच्या गाडीवर चार हिवाळे काढलेले मूल काय शिकते? अंगठा तळापर्यंत दाबला तरी काही बिघडत नाही, हे ते शिकते. मग एके दिवशी त्याला मोठी गाडी मिळते. ती दोनशे किलोंहून जड असते, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे सहज जाते, आणि चार हिवाळ्यांची सवय झालेला अंगठा तोच असतो. २०१८ च्या सुमारास मधल्या मापाच्या, सुमारे २०० सीसीच्या गाड्याही निघाल्या. पायऱ्या वाढल्या, जिना चुकीच्या भिंतीला लावलेला आहे, याचा विचार झाला नाही.

पोहण्याचा दाखलाच घ्यायचा तर तो पुरता घ्यावा. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधत. डबा तरंगवतो, शिकवत नाही. शिकवणारा मामा किंवा काका स्वतः पाण्यात असे, हातभर अंतरावर. आणि त्या मुलाने आधीचे दोन उन्हाळे काठावर बसून पाणी पाहिलेले असे. डबा बांधून मुलाला विहिरीत सोडायचे आणि आपण बांधावर गप्पा मारत बसायचे, याला कोणी पोहणे शिकवणे म्हटले नसते. दोरी आणि वेगमर्यादा हा आजचा डबा आहे. तो बांधून पालक बांधावर बसला आहे, एवढीच आमची तक्रार.

दुसरा युक्तिवाद परंपरेचा. उत्तरेकडे मुले या वाहनांवरच वाढतात, बाहेरच्यांनी शहाणपण शिकवू नये, असे म्हटले जाते. येथे क्वेबेकमधील वाल्कूरच्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचे नाव हमखास घेतले जाते. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९२२ मध्ये, त्यांनी जुन्या मोटारीच्या इंजिनाला विमानासारखा पंखा लावून घसरगाडी पळवली, ही गोष्ट खरी आहे. पण ती अर्धीच सांगितली जाते. उघड्या फिरत्या पंख्याचा धोका पाहून वडिलांनी ते यंत्र मोडायला लावले, हे तिचे उरलेले अर्ध. त्याच वडिलांनी पुढे मुलाला गॅरेज काढायला मदत केली. नकार आणि उत्तेजन ही एकाच पालकाची दोन कामे आहेत, असा या गोष्टीचा आमच्या मते अर्थ आहे. मुलाला मोकळे सोडा, असा नव्हे. आणि १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा पेरिटोनायटिसने दगावला, कारण हिमाने रस्ते बंद होते आणि रुग्णालय गाठता आले नाही. १९३७ मध्ये ज्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट त्यांना मिळाले, तिच्यावर चालणारी पहिली वाहने हिवाळ्यात माणसांना वाहून नेण्यासाठी होती. एकट्याने मौजेने चालवायची हलकी स्की-डू आली ती १९५९ मध्ये. गरजेच्या यंत्राची पुण्याई खेळण्याच्या यंत्राच्या खात्यावर जमा करण्याचा हा प्रकार आहे.

ज्या समाजांत हे वाहन खरोखर उपजीविकेचे आहे, त्यांच्याकडे पाहिले तर परंपरेचा दाखला आमच्याच बाजूने पडतो. कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट कुटुंबांत मूल आधी मागे ओढल्या जाणाऱ्या घसरगाडीवर बसून वडीलधाऱ्यांबरोबर जाई, हार्पूनचे टोक मारून समुद्राचा बर्फ पारखताना त्यांना पाही, वाऱ्याने हिमावर उठवलेल्या लाटांवरून दिशा ओळखायला शिके. बर्फाची विद्या आधी, वाहन हाकण्याची नंतर. कुत्र्यांच्या घसरगाडीत तर म्होरके कुत्रेच पातळ बर्फावर पाऊल अडवी. इंजिन अडवत नाही. नुनाव्हुतमधील इग्लूलिक या गावातील वाटा ओळखण्याच्या विद्येवर क्लाउडिओ अपोर्ता आणि एरिक हिग्ज यांनी २००५ साली एक निबंध लिहिला. यंत्रे आणि उपग्रहावरून दिशा दाखवणारी उपकरणे आल्यावर तरुणांचा भूमीशी असलेला निकटचा व्यवहार कसा पालटतो, हा त्याचा विषय. त्याआधी १९७३ मध्ये पेर्त्ती पेल्टो यांनी 'द स्नोमोबाइल रेव्होल्यूशन' या ग्रंथात फिनलंडच्या सेवेत्तियार्वी येथील स्कोल्ट सामी लोकांची हकीकत मांडली. १९६० च्या दशकात स्नोमोबाइल आली आणि थोड्याच वर्षांत रेनडिअरचे कळप माणसापासून तुटत गेले, इंधनाचा आणि सुट्या भागांचा खर्च अंगावर बसला, अनेक कुटुंबे पशुपालनातून बाहेर फेकली गेली. पिढ्यान्‌पिढ्या बर्फ जाणणाऱ्या प्रौढांचा भूमीशी असलेला संबंधही जे यंत्र इतका ताणू शकते, ते बर्फ न जाणणाऱ्या सात वर्षांच्या मुलाशी काय करील, हा प्रश्न परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

तिसरा युक्तिवाद कायद्याचा: शासन परवानगी देते, मग हरकत कोणती? कायद्याकडे पाहिले तर काय दिसते? क्वेबेकमध्ये स्नोमोबाइल चालवण्यास वयाची १६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, स्वीडनमध्येही १६. शेजारच्या ऑन्टारिओत वाहनपरवाना घेतलेले १२ वर्षांचे मूल ट्रेलवर जाऊ शकते, पण रस्ता ओलांडण्यास १६ वर्षांचे असावे लागते. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते; अकराव्या वर्षी मुलाला तो अभ्यासक्रम करता येतो, प्रमाणपत्र बाराव्या वर्षापासून लागू होते, आणि त्याहून लहान मूल सार्वजनिक जागेत प्रौढाच्या सोबतीनेच चालवू शकते. कायद्याच्या या चार तऱ्हा पाहून कोणता निष्कर्ष निघतो? सीमेच्या अलीकडचे मूल पलीकडच्याहून चार वर्षे आधी शहाणे होते, असा तर नक्कीच नाही. कायदा जागा आणि किमान अट ठरवतो. मूल तयार आहे की नाही हे तो ठरवत नाही, आणि ठरवतो असा त्याचा दावाही नाही. तो दावा पालक त्याच्या तोंडी घालतात, कारण त्यामुळे स्वतः निर्णय घेण्याचे टळते.

प्रमाणपत्राविषयी आम्हाला आदर आहे. मिनेसोटाच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष चालवून दाखवावे लागते, हे फार चांगले. पण परीक्षा उत्तीर्ण होणे आणि विषय येणे यांतले अंतर ज्या व्यवसायाला रोज दिसते, त्या अध्यापनाच्या व्यवसायातील माणसांना याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.

'मग करायचे काय?' असा प्रश्न न्याय्य आहे. ज्यांच्या घरामागे पाच महिने हिम असते, त्यांना 'सोळाव्या वर्षापर्यंत काहीच नको' एवढेच सांगून भागत नाही, हे आम्ही जाणतो. आमचा क्रम असा.

पहिल्या हिवाळ्यात इंजिन नाही. चालणे आहे. गोठलेल्या तळ्याच्या काठाशी मोठ्या माणसाने पुढे राहून गिरमिटाने भोक पाडावे आणि मोजपट्टी मुलाच्या हाती द्यावी. नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फासाठी मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे मार्गदर्शन असे: माणसाने पायी चालायला ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर; स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच, म्हणजे सुमारे १३ ते १८ सेंटिमीटर. हिम मिसळून झालेल्या पांढुरक्या बर्फाची ताकद निम्मी, तेव्हा जाडी दुप्पट हवी. वर साचलेले हिम गोधडीसारखे काम करते आणि खालचा बर्फ जाड होऊ देत नाही. झरे, ओढ्याचे मुख, पुलाखालचा भाग येथे पाणी हलते, म्हणून बर्फ पातळ राहतो. एकाच तळ्यावर दोन ठिकाणी दोन आकडे येतात हे मुलाने स्वतः मोजून पाहिले की, 'तळे गोठले आहे' हे वाक्य अपुरे आहे, हे त्याला आयुष्यभर पुरेल इतके कळते. वाक्याचा अपुरेपणा मोजपट्टीने शिकवता येतो, अशी संधी भाषेच्या वर्गातही क्वचितच मिळते. आणि बर्फ फुटलाच तर आलो त्या दिशेला तोंड करायचे, पाय मारत आडवे होऊन वर सरकायचे आणि उभे न राहता लोळत दूर जायचे, हे जमिनीवरच्या हिमात खेळ म्हणून शिकवावे.

नंतर गाडी, पण बंद. दोरी जाकिटाला अडकवल्याखेरीज हात हँडलला लावायचा नाही. पाय पायफळीवर, ते उचलायचे नाहीत. गळ्याला मफलर नाही. लोंबती नाडी नाही. पट्ट्यात काहीही अडकू शकते. पट्ट्याच्या मागे कोणी उभे राहायचे नाही. हेल्मेट मुलाच्या डोक्याला नीट बसणारे हवे, थोरल्या भावाचे चालणार नाही. आणि मग एकच धडा, शंभर वेळा: 'थांब' म्हटले की अंगठा उघडायचा, डाव्या हाताने ब्रेक धरायचा. इंजिन बंद असताना हे कंटाळवाणे होते. पाढेही कंटाळवाणेच असतात.

इंजिन सुरू होते ते यानंतर, आणि तेही मोकळ्या, सपाट, झाडे नसलेल्या शेतात, दिवसाउजेडी. पालक पायी, मुलाच्या बाजूने. ताशी १६ किलोमीटर हा वेग कागदावर हास्यास्पद वाटतो, पण गुडघाभर हिमात जाड बूट घातलेला कोणताही पालक त्या वेगाने धावू शकत नाही. म्हणून पहिले कित्येक दिवस वेग चालण्याचा, पालकाला हात पोचेल इतकाच. त्या शेताच्या बाहेर ट्रेल नाही, रस्ता नाही, तळे नाही, रात्र नाही. मागे दुसरे मूल बसवायचे नाही आणि गाडीमागे दोरीने काही ओढायचे नाही. ओढल्या जाणाऱ्या मुलांच्या दुखापतींचा उल्लेख बालरोगतज्ज्ञांच्या त्या पत्रकातही आहे.

हातांच्या खुणांना आमच्या क्रमात फार वरचे स्थान आहे. उजवा हात थ्रॉटलवर, म्हणून खुणा डाव्या हाताने. हात सरळ वर म्हणजे थांबा. बाजूला आडवा म्हणजे डावीकडे. कोपरात वाकवून वर म्हणजे उजवीकडे. खांद्यावरून मागे दाखवलेला अंगठा म्हणजे माझ्या मागे आणखी गाड्या आहेत. खांद्याशी धरलेली मूठ म्हणजे मी शेवटचा. ही एक छोटी, पूर्ण भाषा आहे, आणि तिच्यातली बहुतेक वाक्ये दुसऱ्या कोणासाठी उच्चारलेली आहेत. ओळीने पायी चालत ती शिकवता येते. जे मूल मागच्यासाठी खूण करायला विसरत नाही, त्याला वाटेवर आपण एकटे नाही हे कळलेले असते. हे कळणे वेगाच्या कोणत्याही मर्यादेहून अधिक मोलाचे आहे.

या शिक्षणाची परीक्षा कोणती? वर्तुळ नीट काढले, वळण नीट घेतले, ही नव्हे. एखाद्या सकाळी गाडी तयार आहे, मित्र हाका मारत आहेत, आणि मूल बाहेर डोकावून स्वतःहून म्हणते, 'आज नको, काल दिवसभर वितळत होते' — ही परीक्षा. जे मूल नकार देऊ शकते त्यालाच होकाराचा अधिकार द्यावा. हा नकार सातव्या वर्षी येईल की चौदाव्या, हे आम्ही सांगू शकत नाही. कोणतीही कंपनीही सांगू शकत नाही. तो येईपर्यंत मुलाने त्या शेताबाहेर जाऊ नये, आणि मोठी गाडी तर बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या सोळाव्या वर्षाआधी मुळीच देऊ नये, अशी आमची भूमिका आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. वैद्यकाच्या बाजूने असा की, सोळाच्या आधी शेतातही गाडी का? हा आक्षेप आम्हाला गंभीर वाटतो. ज्या पालकांना शिफारस तंतोतंत पाळणे शक्य आहे त्यांनी ती पाळावी. आमच्या क्रमातला पहिला भाग त्यांनाही लागू आहे, कारण बर्फ शिकायला गाडी लागत नाही. पण ज्या घरांत गाडी येणारच आहे, तेथे 'नको' एवढेच सांगून थांबणारा उपदेश शिक्षणाची जागा रिकामी ठेवतो, आणि त्या रिकाम्या जागेत जाहिरात येऊन बसते. दुसरा आक्षेप असा की, इतक्या अटींनी मुलाचा आनंद मारला जातो. या आक्षेपामागे आनंद म्हणजे वेग, हे समीकरण गृहीत धरलेले आहे, आणि ते मुलाचे नसून मोठ्यांचे आहे. गिरमिटाने बर्फाला भोक पाडून खालचे काळे पाणी वर येताना पाहणे हा मुलाला आनंद वाटत नाही, असे म्हणणाऱ्याने मूल नीट पाहिलेले नाही.

शेवटी एक शब्द आपल्या माणसांविषयी. मिनेसोटात, ऑन्टारिओत आज मराठी घरे आहेत. तेथल्या आईवडिलांचे बालपण पावसाळ्यात गेलेले असते. ओढ्याला पूर येण्याआधी पाण्याचा रंग बदलतो हे त्यांना माहीत असते, तळ्याचा बर्फ कसा फुटतो हे माहीत नसते. मुलाच्या वर्गमित्राकडे गाडी आहे, आपले मूल मागे पडू नये, ही त्यांची ओढ आम्हाला समजते. परंतु ज्या विषयात आपणच पहिलीत आहोत, त्या विषयाचे यंत्र विकत घेऊन शिक्षक होता येत नाही. त्यांनी मुलाबरोबर विद्यार्थी व्हावे. तेथल्या जाणत्या शेजाऱ्याकडून दोघांनी मिळून बर्फ शिकावा. परक्या भूमीशी नाते जोडण्याचा याहून प्रामाणिक मार्ग आम्हाला दिसत नाही. दुकानातून आणलेल्या १२० सीसीच्या गाडीने त्या भूमीवर धावता येते. तिची ओळख होत नाही.

'सुरक्षित' हे विशेषण यंत्राकडून काढून घ्यावे आणि शिकवण्याला लावावे, एवढीच आमची मागणी आहे. विक्रेत्याने ते छापणे थांबवावे अशी आशा आम्ही करत नाही. पालकांनी ते वाचताना त्याची जागा तपासावी, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी पहिला तास गाडीपाशी न घेता तळ्याच्या काठी घ्यावा. इतके मान्य झाले तर उरेल तो वाद वयाचा, आणि तो आम्ही आनंदाने करू.